ला निना आली, मग थंडी कुठे गेली? हिवाळ्याचे लांबचे अंदाज असे वाचा

पहाटे साडेपाचला चाकणच्या पहिल्या शिफ्टला बाईकवर निघालेला माणूस थंडी दोन गोष्टींवरून ठरवतो. एक, मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर बोटं बधिर होतात का. दोन, रात्री ग्रुपवर आलेला फॉरवर्ड काय म्हणतो.

२०२४-२५ च्या हिवाळ्यात या दोन गोष्टींचं काही केल्या जमत नव्हतं. पावसाळा संपतो न संपतो तोच 'यंदा ला निना आहे, हाडं गोठवणारी थंडी पडणार' असे मेसेज फिरायला लागले होते. प्रत्यक्षात काय झालं? फेब्रुवारी २०२५ हा देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी ठरला. मग हवामानाचे नकाशे हौसेने बघणाऱ्यांमध्ये जुंपली. काहींचं म्हणणं, लांबचे अंदाज म्हणजे निव्वळ ज्योतिष. काहींचं म्हणणं, अंदाज बरोबरच होता, तुम्ही वाचला नाहीत.

यात खरं काय, ते नीट समजून घेऊया. कारण पुढच्या हिवाळ्यात हेच मेसेज पुन्हा येणार आहेत.

ला निना म्हणजे नेमकं काय?

प्रशांत महासागराच्या विषुववृत्ताजवळच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या भागात समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं, की त्याला एल निनो म्हणतात. तेच पाणी नेहमीपेक्षा थंड झालं, की ला निना. या पाण्याचा आणि त्यावरच्या हवेच्या दाबाचा परिणाम जगभरच्या हवामानावर होतो.

या विषयाचं पुण्याशी जुनं नातं आहे. हवेच्या दाबाचा हा झोका ओळखून १९२४ मध्ये त्याला नाव देणारे गिल्बर्ट वॉकर हे भारतीय हवामान विभागाचे प्रमुख होते. विभागाचं मुख्यालय तेव्हा सिमल्यात होतं. १९२८ मध्ये ते पुण्यात आलं आणि शिवाजीनगरच्या इमारतीला नाव पडलं सिमला ऑफिस. तिथल्या चौकातून तुम्ही कधी ना कधी गेला असालच.

ला निनाच्या वर्षी भारतात, विशेषतः उत्तरेकडे, थंडीचं पारडं थोडं जड होतं हे खरं. पण 'पारडं जड होणं' आणि 'थंडी पडणारच' यात फरक आहे. फॉरवर्डमध्ये नेमका हाच फरक गाळला जातो.

तेव्हा कोणी काय सांगितलं होतं?

जागतिक हवामान संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं, वर्षअखेरीस ला निना येण्याची शक्यता ६० टक्के. डिसेंबरमध्ये हाच आकडा ५५ टक्क्यांवर आला. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने ला निना आल्याचं जाहीर केलं ते थेट ९ जानेवारी २०२५ ला, तेही कमजोर असल्याचं सांगून. एप्रिलमध्ये ती संपल्याचंही जाहीर झालं. म्हणजे ज्या ला निनाच्या नावाने ऑक्टोबरपासून स्वेटर काढायला सांगितले जात होते, ती उशिरा आली, अशक्त आली आणि लवकर गेली.

आता आपल्या हवामान विभागाचा अंदाज बघा. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला विभागाने डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज दिला. त्यात म्हटलं होतं, देशाच्या बहुतेक भागांत किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता आहे आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी असतील. पुढे जानेवारी देशभरात नेहमीपेक्षा उबदार गेला आणि फेब्रुवारीने तर विक्रमच केला.

म्हणजे फसला तो फॉरवर्ड. अधिकृत अंदाजाची दिशा बरोबर निघाली. पण 'ला निनाचा कहर' या मथळ्यापुढे 'किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता' हे वाक्य शेअर कोण करणार?

'शक्यता' आणि 'सरासरी' : इथेच घोळ होतो

लांबचा अंदाज तुमच्या गावातल्या एखाद्या सकाळचा नसतो. तो मोठ्या प्रदेशाच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो. हवामान विभाग मागच्या हिवाळ्यांचे तीन गट करतो: नेहमीपेक्षा थंड, नेहमीसारखे आणि नेहमीपेक्षा उबदार. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता साधारण ३३ टक्के. नकाशात उबदार गटाला ६० टक्के दिले असतील, तर अर्थ असा की अशा १० हिवाळ्यांपैकी ६ उबदार जातील. उरलेले ४ नाही जाणार. त्यामुळे एकाच हिवाळ्यावरून 'अंदाज चुकला' किंवा 'अंदाज जिंकला' असं ठरवता येत नाही. बरीच वर्षं मोजावी लागतात.

सरासरीचंही तसंच. समजा, डिसेंबरमध्ये ७ दिवस किमान तापमान ८ अंश राहिलं आणि उरलेले २४ दिवस १३ अंश. महिन्याची सरासरी येते जवळपास १२ अंश. पुण्यात डिसेंबर-जानेवारीची नेहमीची सरासरी ११ च्या आसपास असते. म्हणजे हिशेबात हा महिना उबदार. पण लक्षात काय राहणार? ते ८ अंशांचे ७ दिवस! ग्रुपवर फोटोही त्याच दिवसांतल्या शेकोट्यांचे येणार. दोघं भांडतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आपल्याकडे थंडी येते कशी?

पुणे परिसरातली थंडी प्रशांत महासागरावर थोडी आणि रोजच्या वाऱ्यांवर जास्त अवलंबून असते. उत्तरेत पश्चिमी झंझावात येतो, हिमालयात बर्फ पडतो. तो पुढे सरकला, की उत्तरेकडून कोरडे, थंड वारे महाराष्ट्रापर्यंत येतात. त्यात आकाश निरभ्र असेल आणि वारा शांत असेल, तर जमिनीतली उष्णता रात्रभर निघून जाते आणि पहाटे पारा घसरतो.

याउलट बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आले, ढग जमले, की ते गोधडीसारखे उष्णता धरून ठेवतात. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचे अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे गेले, तेव्हा महाराष्ट्रातही ढग आले आणि नुकती पडू लागलेली थंडी डिसेंबरच्या सुरुवातीलाच पळाली. असं वादळ कधी आणि कुठे येणार, हे ऑक्टोबरमध्ये कोणीही सांगू शकत नाही. दिवसागणिक अंदाजाची मर्यादा साधारण दोन आठवड्यांची आहे. त्यामुळे '१४ जानेवारीला पुण्यात ५ अंश' असं कोणी नोव्हेंबरमध्ये लिहिलं, तर ते वाचून सोडून द्या.

शिवाजीनगरचा आकडा चिंचवडचा नाही

बातमीत 'पुण्याचं किमान तापमान' म्हणून येतो तो आकडा बहुतेकदा शिवाजीनगर वेधशाळेचा असतो. चिंचवडला वेगळं स्वयंचलित केंद्र आहे आणि तिथला पारा हिवाळ्यात अनेकदा शिवाजीनगरपेक्षा काही अंशांनी जास्त असतो. मगरपट्ट्याचंही तेच. एनडीए आणि पाषाणकडे मात्र थंडी जास्त. दाट वस्ती, काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्री हळूहळू सोडतात. मोकळी जमीन लवकर थंड होते. म्हणून थेरगावच्या फ्लॅटमध्ये पंखा चालू असतो आणि त्याच पहाटे चाकणजवळच्या शेतात कांद्याला पाणी देणारा माणूस कानटोपी घालून उभा असतो.

'थंडीची लाट' हा शब्दही जपून वापरायचा आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्या तर लाट. किंवा पारा थेट ४ अंशांवर वा त्याखाली गेला तर. म्हणजे पुण्यात ९ अंश ही छान थंडी आहे, लाट नाही. शहराचा विक्रम १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंशांचा. तो आजही कायम आहे.

मग या अंदाजाचा उपयोग कोणाला?

खेड तालुक्यात रब्बीचा कांदा, गहू, हरभरा घेणाऱ्याला. गव्हाचे दाणे भरताना गारवा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापलं, की दाणा बारीक राहतो. २०२२ मध्ये मार्चच्या उष्णतेने उत्तरेत गव्हाला फटका बसला आणि त्या मे महिन्यात केंद्राने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. 'कडाक्याची थंडी' या फॉरवर्डवर विसंबून कोणी गव्हाची पेरणी लांबवली, तर त्याचं नुकसान लाईक करणारे भरून देणार नाहीत. उबदार हिवाळ्याची शक्यता जास्त आहे हे आधी कळलं, तर पेरणी वेळेवर आटोपता येते आणि शेवटच्या पाण्याची सोय ठेवता येते.

शिफ्टवाल्याला मात्र तीन महिन्यांचा अंदाज फारसा कामाचा नाही. त्याच्यासाठी पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज पुरेसा आहे.

पुढचा फॉरवर्ड आला, की हे तपासा

- अंदाज कोणाचा आहे आणि कोणत्या तारखेचा? हवामान विभाग हिवाळ्याचा अंदाज डिसेंबरच्या तोंडावर देतो. पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो.
- शक्यता टक्क्यांत दिली आहे का? 'पडणारच' असं लिहिलं असेल तर तो अंदाज नाही.
- तापमान किमान की कमाल? रात्री उबदार आणि दिवस गार, असंही होतं.
- ठिकाण कोणतं? 'उत्तर भारत' लिहिलेला नकाशा पिंपरीच्या ग्रुपवर आला म्हणून पिंपरीचा होत नाही.
- सरासरी कोणत्या काळाची? सध्या १९९१ ते २०२० या ३० वर्षांची धरतात. ही वर्षं आधीच्या काळापेक्षा उबदार होती. म्हणजे आजचा 'नेहमीसारखा' हिवाळा आजोबांना कोमटच वाटेल.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. २०२४ हे १९०१ पासूनचं देशातलं सगळ्यात उष्ण वर्ष होतं. पायाच इतका तापलेला असताना एक कमजोर ला निना हिवाळा किती गार करणार? थंडीचे दिवस यापुढेही येतील, शेकोट्याही पेटतील. पण एका गार पहाटेवरून अख्ख्या हिवाळ्याचा निकाल लावू नका आणि अंदाजावर वाद घालण्याआधी तो एकदा पूर्ण वाचा.