बंद कारखान्यामागचे गाव : मोहन्यातील परस्पराधाराचा इतिहास

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाडनंतर आंबिवली स्थानक येते आणि त्याला लागूनच उल्हास नदीच्या काठी मोहने हे गाव वसलेले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून या गावाची ओळख नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एनआरसी’, या कारखान्याशी जोडली गेली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तो बंद पडल्यानंतरही ती पुसली गेली नाही. या गावाचा औद्योगिक इतिहास बहुधा जमीन, थकीत देणी आणि न्यायालये यांच्या अंगाने सांगितला जातो, व ते योग्यही आहे. परंतु त्याच इतिहासाला एक दुसरी, कमी नोंदली गेलेली बाजू आहे. मानसोपचार हा शब्द कामगार वस्तीत क्वचितच उच्चारला जात असे, त्या काळात माणसांची मने कशाच्या बळावर उभी राहिली, ही ती बाजू होय.

रेयॉन हा लाकडाच्या लगद्यापासून तयार होणारा कृत्रिम धागा असून त्याची व्हिस्कोज नावाची कृती १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट झाली. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात, त्यातून मिळणारा दाट द्रव बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडतात आणि तेथे त्याचा धागा होतो. या धंद्याला मुबलक पाणी लागत असल्याने नदीचा काठ सोयीचा होता. कार्बन डायसल्फाइडचा आणि मनाचा संबंधही जुना आहे, कारण रबराच्या कारखान्यांत हेच रसायन हाताळणाऱ्या कामगारांमध्ये निद्रानाश, चिडचिड, स्मृतिभ्रंश आणि वेडाचे झटके दिसतात, असे पॅरिसमधील वैद्य ओग्यूस्त देल्पेश यांनी १८५६ मध्येच लिहून ठेवले होते. पुढे रेयॉनच्या कारखान्यांतही तेच अनुभवास आले. कामगाराचे मन हा विषय या उद्योगाला नंतर येऊन चिकटलेला नव्हता, तो कच्च्या मालाबरोबरच आला होता.

कारखान्याभोवती कोकण, देश, खानदेश आणि उत्तर भारत येथून आलेली कुटुंबे स्थिरावली, कंपनीची वसाहत उभी राहिली, आणि मूळच्या आगरी-कोळी व आदिवासी वस्त्यांच्या शेजारी पाळ्यांच्या वेळापत्रकावर चालणारे नवे गाव आकारास आले. अशा वस्तीतील आधाराची रीत मुंबईच्या गिरणगावात आधीच घडलेली होती. तेथे एकाच गावातील पुरुष चाळीत एक खोली भाड्याने घेत, दिवसपाळीवाल्यांच्या वळकट्या उचलल्या की त्याच जागी रात्रपाळीवाले झोपत, आणि गावकीच्या फंडातून आजारपण, मयत किंवा नोकरी सुटलेल्याचे गावी जाण्याचे भाडे भागवले जाई. भिशी, भजनी मंडळ, सार्वजनिक गणेशोत्सव आणि खानावळ या संस्था दिसायला निरनिराळ्या असल्या, तरी प्रत्येकीत एक समान गोष्ट होती : माणूस दोन दिवस दिसला नाही, तर तो कुठे आहे याची चौकशी होत असे. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाने या प्रवृत्तीला सरकारी चौकट दिली आणि मालक व कामगार यांच्या वर्गणीतून चालणाऱ्या त्याच्या केंद्रांतून नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा, वाचनालये व शिवणवर्ग चालू झाले. रात्रपाळी करून आलेला कामगार नाटकाच्या तालमीला बसतो, ही गोष्ट करमणूक म्हणून नोंदली गेली. तिचे आरोग्याशी असलेले नाते मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बराच काळ निसटले.

ते नाते स्पष्टपणे दाखवले गेले ऑस्ट्रियातील मारिएंथाल या गावात. व्हिएन्नाजवळच्या या गावातील कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली व जवळपास सारे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळा वेळ अमाप असूनही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले व वारंवार थांबू लागले, मंडळांतील सहभाग घटला. अभ्यासकांनी या गावाला थकलेला समाज म्हटले. घरकाम सुटत नसल्याने स्त्रियांच्या दिवसाची घडी तुलनेने टिकली होती, ही त्यांची नोंद विशेष मोलाची आहे. याहोदा यांनी पुढे असे मांडले की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते : दिवसाला ठरलेली घडी, कुटुंबाबाहेरच्या माणसांचा सहवास, सामायिक उद्दिष्ट, समाजातील स्थान आणि नियमित कृती.

या कसोटीवर मोहने पाहिले म्हणजे २००९ च्या बंदचा अर्थ केवळ हजारो कामगारांचा पगार थांबणे एवढाच राहत नाही. भोंगा बंद झाला, आणि ज्या सहवासावर अडचणीच्या वेळी भिस्त ठेवायची तो सहवासच पाळ्यांवर बेतलेला होता. सामाजिक आधाराची थोरवी गाणारे लेखन येथे अनेकदा फसते, कारण आधार हा जणू हवेत असतो आणि संकटात आपोआप धावून येतो, असे ते धरून चालते. प्रत्यक्षात जो कारखाना माणसे एकत्र आणतो, तो बंद पडला की शेजारीही त्याच दिवशी कफल्लक होतो. भिशीचे सर्व सभासद एकदमच हप्ता चुकवू लागतात. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हाही गावकीच्या फंडांना हा भार पेलवला नाही आणि अनेकांनी गावाकडच्या शेतीचा आसरा घेतला. गिरणगावातील स्त्रियांच्या खानावळींना मात्र १९७५ पासून प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाचे पाठबळ होते. मारिएंथालमधील स्त्रियांविषयीच्या नोंदीशी ताडून पाहण्याजोगा हा मुंबईतील दाखला आहे.

मोहन्यात बंदनंतर माणसे ज्या धाग्याने एकत्र राहिली तो मुख्यतः थकीत देण्यांचा होता. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि राहिलेले वेतन यांचा प्रश्न दशकाहून अधिक काळ रेंगाळला. त्या काळात सभा, मोर्चे, गेटसमोरची ठिय्या आंदोलने आणि न्यायालयाच्या तारखा यांनी कामगारांच्या आठवड्याला काही एक घडी दिली. याहोदांच्या पाचांपैकी निदान चार गोष्टी, म्हणजे घडी, सहवास, उद्दिष्ट आणि कृती, लढ्याने परत मिळवून दिल्या, असे म्हणता येते. तथापि या निष्कर्षावरून संघर्ष हेच औषध ठरवणे अन्यायाचे होईल. समाजाशी नाते तुटणे व आत्महत्या यांचा संबंध एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये मांडला होता हे खरे; पण नाते टिकले म्हणून घरातील उपासमार संपत नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि त्याच शहरात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्य संस्था सुरू केली. परंतु ज्याच्या खिशात लोकलचे भाडे नाही, त्याच्यापर्यंत उपचाराआधी शेजारीच पोहोचतो. म्हणून कारखाना बंद करण्याच्या कोणत्याही योजनेत देणी वेळेवर चुकती करणे आणि वसाहतीतील सभागृह, वाचनालय, मैदान यांसारख्या एकत्र जमण्याच्या जागा राखणे, या दोन्ही बाबींची तरतूद सारख्याच तातडीने व्हावयास हवी. मोहन्यातील कामगारांच्या वाट्याला यांतील पहिली गोष्टही वेळेवर आली नाही.