बहुमॉड्युल जावा वेब ॲप्लिकेशन

बहुमॉड्युल जावा वेब ॲप्लिकेशन म्हणजे जावा या संगणकीय भाषेत लिहिलेले आणि अनेक स्वतंत्र भागांत (मॉड्युलांत) विभागलेले वेब ॲप्लिकेशन होय. दोन किंवा अधिक वेब ॲप्लिकेशने एकच माहितीसाठा व तेच नियम वापरतात, तेव्हा त्यांचा सामायिक कोड वेगळ्या मॉड्युलमध्ये ठेवला जातो. एक नियम एकाच ठिकाणी लिहिला जावा, हा या रचनेचा मुख्य हेतू असतो. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध जतन करणारी 'शोधगंगा' ज्यावर उभारली गेली, ते डीस्पेस हे मुक्त सॉफ्टवेअर या रचनेचे परिचित उदाहरण आहे.

रचना

सामायिक कोड सहसा 'जार' फाइलच्या, तर प्रत्येक वेब ॲप्लिकेशन 'वॉर' फाइलच्या स्वरूपात बांधले जाते. मेव्हन या बांधणी-साधनात सर्व मॉड्युलांच्या वर एक पालक प्रकल्प असतो. बाहेरील लायब्ररींच्या आवृत्त्या त्यातच ठरवल्या जातात, त्यामुळे दोन मॉड्युले एकाच लायब्ररीच्या भिन्न आवृत्त्या वापरण्याची शक्यता कमी होते.

अवलंबित्वाची दिशा एकच असावी लागते. वेब ॲप्लिकेशन सामायिक मॉड्युलवर अवलंबून असते; सामायिक मॉड्युल मात्र कोणत्याही वेब ॲप्लिकेशनवर अवलंबून नसते. दोन मॉड्युले परस्परांवर अवलंबून असल्यास मेव्हन बांधणी नाकारते. माहितीसाठ्याशी होणारा व्यवहार, परवानग्या आणि माहितीची पडताळणी यांचा कोड सामायिक मॉड्युलमध्ये ठेवतात. पडद्यावरील मांडणी, तसेच ब्राउझरची विनंती व सत्र हाताळणारा कोड त्याबाहेर ठेवला जातो; अन्यथा वेब सर्व्हरविना चालणाऱ्या आज्ञावलींना सामायिक मॉड्युल वापरणे अवघड होते.

डीस्पेस

डीस्पेस हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी विकसित केले. त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सहाव्या आवृत्तीपर्यंत त्यात अनेक वेब ॲप्लिकेशने होती. 'जेएसपीयूआय' व 'एक्सएमएलयूआय' ही वाचकांसाठीची दोन पर्यायी दालने होती, तर 'ओएआय' हे इतर संगणकांना ग्रंथसूचीची माहिती पुरवत असे. या सर्वांचा पाया 'डीस्पेस-एपीआय' हे सामायिक मॉड्युल होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक ठरवले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र शोधगंगा चालवते. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तिच्यात सहभागी असून लातूर जिल्ह्यातील जळकोट तालुका या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. जळकोटमधील विद्यार्थी अशा भांडारातील प्रबंध दालनातून उघडतो, तर एखादी शोधसेवा त्याचीच नोंद ओएआयमार्फत घेते. प्रबंध कोणाला व केव्हापासून खुला आहे, याचा निर्णय दोन्ही मार्गांवर सारखाच असावा लागतो. हे नियम प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये वेगळे लिहिल्यास एका मार्गावर बंद असलेला प्रबंध दुसऱ्या मार्गाने उघड होण्याचा धोका राहतो.

२०२१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत जुनी दोन्ही दालने काढून टाकण्यात आली. सर्व्हरकडील सेवा एकाच वेब ॲप्लिकेशनमध्ये एकत्र आणल्या गेल्या आणि वाचकांचे दालन अँग्युलर या तंत्राने स्वतंत्रपणे लिहिले गेले. त्यानंतरही डीस्पेस-एपीआय हे मॉड्युल कायम राहिले.

सामायिक जारचे स्थान

सामायिक जारची प्रत प्रत्येक वॉरमध्ये घालणे ही प्रचलित पद्धत आहे. तीमुळे प्रत्येक ॲप्लिकेशन स्वयंपूर्ण राहते आणि एकाचे नूतनीकरण दुसऱ्याला बाधत नाही. मात्र स्मृती अधिक खर्च होते. शिवाय टॉमकॅटसारखा सर्व्हर प्रत्येक ॲप्लिकेशनचे क्लास वेगळे लोड करत असल्याने एका ॲप्लिकेशनने स्मृतीत साठवलेले मूल्य दुसऱ्याला दिसत नाही. सामायिक स्थिती म्हणूनच माहितीसाठ्यात ठेवावी लागते.

जार सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्यास प्रत एकच राहते. परंतु सर्व ॲप्लिकेशने एकाच आवृत्तीला बांधली जातात आणि तीच जार चुकून वॉरमध्येही राहिल्यास एकाच नावाचे दोन क्लास परस्परांशी विसंगत ठरू शकतात.

मर्यादा

सामायिक कोडमधील दोष सर्वत्र पसरतो. तो एका जागी दुरुस्त करता येत असला, तरी त्याची प्रत असलेली प्रत्येक वॉर पुन्हा बांधून सर्व्हरवर बसवावी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतील 'लॉग४शेल' हा गंभीर सुरक्षादोष उघड झाला, तेव्हा जगभरातील संस्थांना आपल्या कोणकोणत्या ॲप्लिकेशनमध्ये ती लायब्ररी दडलेली आहे याचा शोध घ्यावा लागला. अवलंबित्वांची नोंद पालक प्रकल्पात एकत्र असल्यास हा शोध सोपा होतो.

मेव्हनमधील मॉड्युल आणि २०१७ मध्ये जावाच्या नवव्या आवृत्तीत आलेली मॉड्युल प्रणाली या भिन्न संकल्पना आहेत. पहिली कोडच्या बांधणीशी, तर दुसरी प्रामुख्याने कोणते पॅकेज इतरांना खुले असावे याच्याशी संबंधित आहे.