दादाची ओरिजिनल सीडी

मागे इथे कॅसेटींच्या आठवणी निघाल्या होत्या. ही आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरातली, सीडीच्या काळातली.

२००१ साल असेल. दादानं शिकवण्यांच्या पैशांतून गावं वसवायच्या गेमची सीडी घेतली. ओरिजिनल! आमच्या ओळखीत सगळे कॉपीवरच खेळायचे, म्हणून तिचा नुसता डबा बघायलाही पोरं यायची. आई म्हणाली, "एवढे पैसे घातलेस, एक कॉपी काढून ठेव बाबा. ओरखडा पडला तर?"

आईचं बरोबर होतं. सीडीची खालची बाजू १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिकची. तिथला बारीक ओरखडा घासून जातो. पण ज्या ॲल्युमिनियमच्या थरावरून सीडी वाचली जाते, तो वर, लेबलाच्या लगेच खाली. तिथे खरचटलं की संपलं. कायद्याचीही आडकाठी नव्हती. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, रीतसर घेतलेला प्रोग्रॅम खराब होईल या भीतीनं बॅकअप कॉपी काढायची मुभा आहे.

दादानं शेजारच्या काकांच्या सीडी रायटरवर चार कोऱ्या सीडी वाया घालवल्या. कधी कॉपी मध्येच अडकायची. निघालीच, तर गेम म्हणायचा, ओरिजिनल सीडी घाला!

कारण पुष्कळ नंतर कळलं. त्या काळात गेमच्या सीडींना सेफडिस्क, सिक्युरॉम अशी कुलपं असायची. सेफडिस्कमध्ये सीडीवर मुद्दाम खराब सेक्टर ठेवलेले असत. साधा कॉपी प्रोग्रॅम तिथे अडखळायचा, नाहीतर ते खराब सेक्टर कॉपीत यायचेच नाहीत. गेम सुरू होताना नेमके तेच शोधायचा, आणि सापडले नाहीत की कॉपी पकडली जायची. क्लोनसीडीसारखे प्रोग्रॅम खराब सेक्टरसुद्धा जसेच्या तसे उतरवू लागले, तेव्हा पुढच्या आवृत्तीत अशा बिट-रचना आल्या, की बऱ्याच रायटरना त्या नीट लिहिताच येईनात.

गंमत म्हणजे चोरून विकणारे कुलूपच तोडून टाकायचे. त्यांची गिऱ्हाईकं आरामात खेळायची. अडकला तो पैसे मोजून घेणारा.

दादा २०१४ साली गेला. त्याच्या कॉम्प्युटरवर गेममधलं त्याचं गाव सेव्ह केलेलं होतं, नाव 'रामबाग'. ती फाईल एका मिनिटात पेनड्राईव्हवर आली. पण गेमशिवाय ती उघडणार कशी? कपाटातली सीडी भाच्यानं नव्या लॅपटॉपला लावली, तर गेम सुरूच होईना. २०१५ मध्ये विंडोज १० आलं, त्यात सेफडिस्कला जागाच ठेवलेली नाही. म्हणजे आता कॉपी सोडा, ओरिजिनलही चालत नाही!

शेवटी देवासला मावशीच्या माळ्यावर जुना पेंटियम सापडला, विंडोज एक्सपीवाला. गाव उघडलं. आई चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसली. मग म्हणाली, "विहीर त्यानं देवळामागेच ठेवली बघ, आपल्यासारखी."

सीडी अजून एकच आहे. तिच्यावर एक ओरखडाही आहे, सुदैवानं खालच्या बाजूला.

तर मंडळी, माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा सुरू करून बघा. आणि तुमच्याकडे अशी कुठली सीडी जपून ठेवलीय का? खाली नक्की सांगा.