वरची जमीन, खालचे पाणी

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ नावाचा एक रकाना असतो. कर्जाचा बोजा त्यात लिहिलेला असतो, तशी विहिरीची नोंदही असते. विहीर सामाईक असेल तर कुणाचा निम्मा वाटा, कुणाचा चौथाई, हेही सापडते. भाऊबंदांत पाण्याच्या पाळ्या ठरतात, त्या पुढच्या पिढीकडे जातात आणि त्यांवरून दिवाणी दावेही चालतात. भूजलाच्या मोजणीत वीसहून अधिक वर्षे घालवल्यावर मला या रकान्याचे नवल वाटते. खड्ड्याचा मालक, वाटेकरी, पाळी हे सारे कागदावर आहे. खड्ड्यात येणारे पाणी कोणाच्या शेताखालून येते, याची मात्र कागदाला खबर नाही. पाण्याची मालकी अशी जमिनीला चिकटली कशी, याचा मागोवा घेताना आपल्याला आधी इंग्लंडमध्ये जावे लागते.

तेथे १८४३ मध्ये ‘अ‍ॅक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या खटल्याचा निकाल लागला. कापसाच्या एका गिरणीची विहीर शेजारच्या कोळसाखाणीमुळे आटली होती. न्यायालयाने गिरणीमालकाला दाद दिली नाही. जमिनीखालचे पाणी कसे वाहते हे कोणाला दिसत नाही, तेव्हा नदीच्या पाण्याचे नियम त्याला लावता येत नाहीत, असा युक्तिवादाचा गाभा होता. जमीन ज्याची, तिच्याखालचे सारे त्याचे, आणि त्याने खणल्यामुळे शेजाऱ्याचे पाणी गेले तर ते शेजाऱ्याचे नशीब.

त्यानंतर अवघ्या १३ वर्षांनी, १८५६ मध्ये, फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथात आंरी दार्सी या अभियंत्याने वाळूच्या नळकांड्यावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वाळूतून झिरपणारे पाणी ठरावीक नियमाने वाहते आणि त्याचा वेग मोजता येतो, हे त्याने दाखवले. आमचे शास्त्र आजही त्याच सूत्रावर उभे आहे. कायद्याने मात्र त्याची दखल घेतली नाही. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट’ केला. आपल्या हद्दीतील जमिनीखालचे, निश्चित प्रवाहात न वाहणारे पाणी साठवण्याचा व वापरण्याचा हक्क जमीनमालकाचा आहे, असे त्याच्या ७व्या कलमाच्या एका उदाहरणात नमूद झाले. हा कायदा आधी मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या नागपूरकडे आला. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला.

त्याच सुमारास पुण्यात एक माणूस पाण्याचा निराळा विचार करीत होता. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पूर्ण केला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ तेव्हा ताजा होता. पोलीस व लष्करातील शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतांतून मुरत मग ओढ्यानाल्यांना मिळावे, असे त्यांनी सुचवले. पाणाड्यांकडून जिवंत झऱ्यांच्या जागा शोधून त्या गावाच्या नकाशावर नोंदवाव्यात, हीही त्यांचीच सूचना. पाणी पावसापासून झऱ्यापर्यंत एकसंध आहे आणि जमीन कशी वापरली जाते यावर ते अवलंबून आहे, हे त्यांना दिसले होते. सरकारने त्याच १८८३ साली जमीनसुधारणा कर्जाचा कायदा करून विहिरींसाठी तगाईची सोय केली. पैसा विहिरीला मिळाला, झऱ्यांचा नकाशा तसाच राहिला.

तरीही पुढची ५०-६० वर्षे या कायद्याने फारसे नुकसान केले नाही. याचे श्रेय बैलांना द्यावे लागेल. मोट ओढणारी जोडी धावेवरून दिवसभरात जेवढ्या फेऱ्या मारील तेवढेच पाणी थारोळ्यात पडणार. विहीर खोल गेली की नाडा लांबतो, धाव लांबते, बैल थकतात. उपशाला वेगळ्या बंधनाची गरजच नव्हती. आधी तेलावरच्या इंजिनाने आणि मग विजेच्या पंपाने हे बंधन काढून टाकले. वीजबिल मीटरऐवजी पंपाच्या अश्वशक्तीवर आकारले जाऊ लागल्यावर तर जास्त उपसणाऱ्याला जास्त खर्चही राहिला नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर आणखी एक बदल झाला. कठीण खडक हवेच्या दाबाने फोडणारी यंत्रे गावोगाव पोचली आणि पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरी झाल्या. यात मराठी मुलखाचा वाटाही मोठा. जालना आणि सोलापूर येथे घडलेल्या हातपंपांच्या अनुभवातूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा देशभर गेलेला पंप तयार झाला. या बोअरनी असंख्य बायकांची पायपीट वाचवली, हे विसरता कामा नये. पण पिण्यासाठी आलेले यंत्र लवकरच शेतीसाठी भाड्याने मिळू लागले.

येथे आपला खडक समजून घ्यायला हवा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट. राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. पाणी असते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र थरांत आणि भेगांत. घट्ट थरात ते जवळपास नसतेच. २०० फुटांचे बोअर असे अनेक थर भेदत जाते आणि वरच्या थरातील पाण्याला खाली उतरायला वाट करून देते. बोअर चालू करून शेजारच्या विहिरीतली पातळी दर १० मिनिटांनी मोजण्याचे काम मी कितीदा केले आहे. दोन्ही एकाच थरातल्या असल्या की पाणी उतरताना दिसते, मधला बांध कोणाचाही असो. अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ थाइस यांनी १९३५ मध्ये या उताराचे गणित मांडले. विहिरीतून काढलेला प्रत्येक थेंब कोठून तरी कमी झालेला असतो, हे त्यांनी १९४० च्या लेखात स्पष्ट केले.

आता साधा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीखाली १० मीटर जाडीचा ओला मुरूम आहे असे धरू. अशा खडकातून सुटून येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे २,००० घनमीटर. ही झाली शिल्लक. वर्षाची कमाई याहून कमी: ५०० मिलिमीटर पावसातला दहावा हिस्सा मुरला तर ५०० घनमीटर. त्याच हेक्टरवर पाटपाण्याने ऊस घेतला तर पावसाखेरीज १५,००० घनमीटर पाणी सहज द्यावे लागते. त्यातले काही परत मुरते, ते वजा केले तरी हा ऊस स्वतःच्या जमिनीखालच्या पाण्यावर उभा राहू शकत नाही. तो आजूबाजूच्या कित्येक हेक्टरांची कमाई पितो. कायदा म्हणतो, मालकाने आपलेच पाणी घेतले.

हे कोडे महाराष्ट्रात एका माणसाने व्यवहारात सोडवून दाखवले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. पाणी एकरावर न देता माणशी द्यायचे, एका माणसाला अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. पाणी आणि जमीन यांची गाठ त्यांनी सोडली. पुढे हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडून पिके ठरवली. दोन्हीकडे बंधारे होतेच, पण पाणी टिकले ते वापराच्या नियमामुळे. बंधारा मिळकत वाढवतो, खर्चाला आवर तोच घालीत नाही.

सरकारी कायदा याच दिशेने सावकाश येत आहे. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास मनाई केली. त्यानंतरच्या, २००९ च्या भूजल अधिनियमात विहिरींची नोंदणी, पाणलोट क्षेत्राच्या समित्या आणि अधिसूचित क्षेत्रात भूजलाच्या उपलब्धतेनुसार पीक योजना या तरतुदी आहेत. म्हणजे पाणी कोठे आहे आणि वर काय पिकते, हे एकत्र पाहण्याची सोय कागदावर झाली आहे. अंमल मात्र गावात व्हायचा आहे, आणि तेथे सातबाऱ्याचा शब्द अजून जड आहे.

गावकऱ्यांना दार्सीचे सूत्र सांगावे लागत नाही. वरच्या अंगाला बोअर पडले की खालची विहीर आटते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. जे त्याला ठाऊक आहे ते कायद्याच्या दप्तरात यायला हवे. त्यासाठी प्रत्येक गावाला आपल्या खडकाचा, विहिरींचा आणि झऱ्यांचा एक नकाशा लागेल आणि तो चावडीवर टांगावा लागेल. फुल्यांनी तो १८८३ मध्येच मागितला होता.