‘पार्क’ शब्दाचा अर्थविस्तार आणि बर्कनहेडचे उद्यान

‘पार्क’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ मृगयेसाठी राखलेले, कुंपण घातलेले रान. ज्या शब्दातून सामान्य जनांस मज्जाव सूचित होई, तोच एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक उद्यानाचा वाचक झाला. हा अर्थविस्तार एका दमात घडला नाही. डर्बी येथे जोसेफ स्ट्रट यांनी १८४० साली नगरास वृक्षोद्यान दिले खरे. परंतु विनामूल्य प्रवेश आठवड्यातून दोनच दिवस असे. सर्व दिवस मुक्त प्रवेश मिळण्यास १८८२ साल उजाडावे लागले.

लिव्हरपूलसमोरील बर्कनहेडची गोष्ट निराळी. १८४३ च्या कायद्यान्वये तेथे सार्वजनिक पैशातून २२६ एकर जमीन घेण्यात आली. पैकी सुमारे १२५ एकर उद्यानास ठेवून उरलेली घरबांधणीसाठी विकावयाची, असा व्यवहारी हिशेब होता. जोसेफ पॅक्स्टन यांनी दलदलीत तळी खोदविली व निघालेल्या मातीचेच उंचवटे रचले. उद्यानाचे उद्घाटन १८४७ मधील. क्रिकेट क्लब मात्र १८४६ मधील! पुढे १८७१ मध्ये रग्बीचा क्लबही निघाला. क्लब म्हटला की सभासद व वर्गणी आलीच. मुक्त भूमीवर ही नवी, न दिसणारी कुंपणेच होत.

१८५० साली अमेरिकन प्रवासी फ्रेडरिक ओल्मस्टेड येथे आले. उद्यानावर धनिक-दरिद्री सर्वांचा सारखा हक्क पाहून ते भारावले. त्यांच्याच वर्णनात, हिरवळीवर एक तंबू उभारलेला आहे, आणि क्रिकेट चालले आहे: एका भागात मुलांचे, दुसऱ्या भागात सभ्य गृहस्थांचे.