राणकपूरचे १४४४ खांब

राजस्थानच्या पाली जिल्ह्यात, अरवलीच्या कुशीत राणकपूर हे जैनांचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. मेवाडच्या राणा कुंभाच्या कारकिर्दीत धरणाशाह या पोरवाड श्रेष्ठींनी येथे भगवान आदिनाथांचे संगमरवरी चौमुख मंदिर उभारले. चौमुख म्हणजे गाभाऱ्याला चार दारे आणि आत चार दिशांना तोंड केलेल्या चार मूर्ती.

मंदिरात १४४४ खांब असल्याचे सांगतात. एवढे खांब कशासाठी? आम्हा बांधकामवाल्यांना त्यात शोभेइतकाच हिशेबही दिसतो. दगड दाब उत्तम सोसतो, पण वाकवला की तडकतो. म्हणून दगडी तुळईचा गाळा लहान ठेवावा लागतो. गाळे लहान म्हणजे खांब जास्त! घुमटही कमानीच्या पद्धतीचे नाहीत. खांबांवरील तुळयांचा अष्टकोन करून त्यावर दगडांची वर्तुळे रचली आहेत. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला आहे, आणि मधोमध कोरीव झुंबर लोंबते. खांबांची एवढी दाटी असूनही गाभाऱ्यासमोरची वाट मोकळी राहते, हे नियोजन विशेष.

येथील इ. स. १४३९ च्या शिलालेखात राणा कुंभा व धरणाशाह यांच्याबरोबर सूत्रधार देपाक याचेही नाव कोरलेले आहे. आपल्याकडे पुलाच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव असते, बांधणाऱ्याचे क्वचितच. पावणेसहाशे वर्षांपूर्वी मात्र राजा, दाता आणि कारागीर एकाच शिळेवर बसले!

राणकपूरला जाण्यासाठी फालना स्थानकावर उतरावे. दर्शन घेताना देपाकलाही एक नमस्कार जरूर करावा.