जुन्या आलिशान मोटारी आणि गिअरबॉक्सची दुखणी

आलिशान मोटार दहा-पंधरा वर्षांची झाली की तिची किंमत मूळ किमतीच्या अल्प अंशावर येते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र खाली येत नाही. पुण्या-मुंबईत वापरलेली मर्सिडीज किंवा स्कोडा सातारा, कराड, सांगली, मिरजेत कुणी हौसेने विकत घेतो आणि काही महिन्यांत 'गिअरबॉक्स गेला, नवा बसवावा लागेल' हे वाक्य त्याच्या कानी पडते. नव्या गिअरबॉक्सचा खर्च कित्येकदा मोटारीच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जातो. वस्तुतः संपूर्ण गिअरबॉक्स निकामी होण्याचे प्रसंग मानले जातात तितके सर्रास नाहीत. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी तेल, एखादा सेन्सर, वायरिंगचा जोड किंवा रेडिएटर असतो. म्हणूनच कोणता भाग बिघडला हे लेखी कळल्याशिवाय दुरुस्तीस संमती देऊ नये.

महाराष्ट्राशी या मोटारींचे नाते जवळचे आहे. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोच्या भागीदारीत भारतात प्रवेश केला आणि पुण्यात ई-क्लासची जुळणी सुरू केली. २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला. स्कोडाचा कारखाना औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे उभा राहिला. तेथे जुळवलेल्या लॉरा, सुपर्ब यांसारख्या मोटारी आज जुन्या बाजारात मोठ्या संख्येने दिसतात.

तक्रारींचे स्वरूप

मालकांच्या तक्रारी साधारणतः चार प्रकारच्या असतात. गिअर बदलताना धक्का बसणे. 'डी'मध्ये टाकल्यावर मोटार क्षणभर थांबून मग झेप घेणे. मध्यम वेगात, खडबडीत पट्टीवरून जावे तशी थरथर जाणवणे. आणि मोटार एकाच गिअरमध्ये अडकून पडणे. या शेवटच्या अवस्थेला मेकॅनिक 'लिंप मोड' म्हणतात. दोष आढळताच नियंत्रक संगणक गिअरबॉक्सला आणखी इजा होऊ नये म्हणून गिअर बदलणे थांबवतो. हा बिघाड नव्हे, बिघाडाची सूचना होय. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर मोटार तात्पुरती सुरळीत चालते आणि मालक निर्धास्त होतो. दोषाची नोंद मात्र संगणकात राहिलेली असते.

'आयुष्यभराचे तेल'

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगण नसते. तेच दाब निर्माण करून क्लच आवळते आणि उष्णता वाहून नेते. १९९०च्या दशकात अनेक उत्पादकांनी हे तेल 'आयुष्यभरासाठी' भरल्याचे सांगितले. मोटारीत तेल मोजण्याची पट्टीही ठेवली नाही. मर्सिडीजने नंतर स्वतःच अनेक मॉडेलांसाठी ६० हजार किलोमीटरच्या सुमारास तेलबदल सांगितला. बीएमडब्ल्यूला गिअरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी झेडएफ आपल्या सहा गतींच्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षे अशी मर्यादा देते. जुन्या मोटारीच्या सेवापुस्तिकेत या तेलबदलाची नोंद नसेल, तर तो कधी झालाच नाही असे धरून चालावे.

मर्सिडीजची नेहमीची दुखणी

१९९६ पासून वापरात आलेला पाच गतींचा '७२२.६' हा गिअरबॉक्स यांत्रिकदृष्ट्या दणकट मानला जातो. त्याचे दुखणे बहुधा विजेच्या बाजूला असते. गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या वायरींच्या जोडाची रबरी कडी झिजली की तेल बाहेर पाझरते आणि वायरींच्या आतून चढत थेट नियंत्रक संगणकापर्यंत पोहोचते. गिअरबॉक्सच्या आत सेन्सर असलेली 'कंडक्टर प्लेट' असते; ती बिघडली की मोटार दुसऱ्या गिअरमध्ये अडकते. या दोन्ही दुरुस्त्या गिअरबॉक्स न उतरवता, तेलाची टाकी खोलून होऊ शकतात.

याहून घातक दोष रेडिएटरचा. गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतच असते. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातील काही मॉडेलांत ती फुटून कूलंट तेलात मिसळण्याचे प्रकार घडले. कूलंटमधील ग्लायकॉल क्लचचे अस्तर नासवते. थरथर सुरू होताच तेलाची तपासणी केली नाही, तर किरकोळ दोषाची परिणती खरोखरच गिअरबॉक्स बदलण्यात होते.

२००३ मध्ये आलेल्या सात गतींच्या '७२२.९' मध्ये संगणकच गिअरबॉक्सच्या आत, गरम तेलात बसवला आहे. त्यातील वेगमापक सेन्सर बंद पडले तर संपूर्ण नियंत्रक बदलावा लागतो आणि नवा भाग त्या विशिष्ट मोटारीशी जुळवून घ्यावा लागतो. ही सोय प्रत्येक गॅरेजमध्ये नसते. काम देण्यापूर्वी तशी विचारणा करावी.

स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडीमधील दुहेरी क्लचच्या 'डीएसजी'चे गणित वेगळे आहे. सहा गतींच्या, तेलात बुडालेल्या क्लचच्या प्रकारात ६० हजार किलोमीटरला तेलबदल आवश्यक असतो. सात गतींच्या कोरड्या क्लचच्या प्रकाराविषयी जगभर तक्रारी झाल्या. मार्च २०१३ मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार मोटारी परत बोलवाव्या लागल्या.

घाट, ऊन आणि महापूर

या दोन जिल्ह्यांतील वापरही ध्यानात घ्यावा लागतो. खंबाटकी, पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली या घाटांत संथ चढणीवर गिअरबॉक्सचे तेल लवकर तापते. उन्हाळ्यात, वाहनांच्या रांगेत ते अधिकच तापते. जुने तेल अशा वेळी पातळ होऊन दाब टिकवू शकत नाही. सपाट रस्त्यावर न जाणवणारा दोष घाटात उघड होतो, तो यामुळेच.

सांगलीच्या बाबतीत महापुराचा विचार अपरिहार्य आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्येही शहरात पुन्हा पूर आला. मोटार पाण्यात उभी राहिली की गिअरबॉक्समधील हवा बाहेर जाण्याच्या छिद्रातून पाणी आत शिरते, क्लचचे अस्तर सुटते आणि वायरींचे जोड गंजतात. परिणाम काही महिन्यांनी दिसतो. जुनी मोटार घेताना विम्याचा दाव्यांचा इतिहास पाहावा आणि तेलाचा रंग तपासून घ्यावा. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी किंवा कूलंट शिरल्याची खूण.

दुरुस्तीपूर्वी

संगणकीय तपासणीतील दोष-संकेतांचा छापील उतारा मागावा. बॅटरीचा दाब, इंजिनची माउंटिंग आणि टेलशाफ्टची रबरी चकती आधी तपासावी. यांतील दोषही गिअरबॉक्सचेच धक्के भासतात. तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच भरावे आणि पातळी ठरलेल्या तापमानालाच मोजावी. बंद पडलेली मोटार दोरीने ओढत नेऊ नये. इंजिन बंद असताना तेलाचा पंप चालत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा फिरतो. मर्सिडीजच्या अनेक पुस्तिकांत ओढण्याची मर्यादा ५० किलोमीटर आहे; साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर. चारही चाके उचलून नेणारे वाहनच मागवावे.

दाद कोठे मागावी

वॉरंटी संपलेल्या मोटारीबाबत उत्पादकाविरुद्ध दाद मिळणे कठीण असते. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सदोष भाग बदलून देणे पुरेसे असताना संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असे म्हटले. मात्र चुकीचे निदान, न केलेल्या कामाचे बिल किंवा दुरुस्तीनंतर तोच दोष उद्भवणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. तिच्यासाठी मोटार किती जुनी आहे हा प्रश्न आड येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. सर्व्हिस सेंटर पुण्यात वा कोल्हापुरात असले तरी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतात. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोटार कंपनीच्या नावे घेतलेली असली तरी आशा सोडू नये. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली मोटार केवळ त्यामुळे 'व्यापारी हेतूची' ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मर्सिडीजशी संबंधित प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या जुन्या मोटारीबाबत विक्रेत्याविरुद्ध या कायद्याचा आधार सहसा मिळत नाही.

आयोगापुढे मालकाचे म्हणणे कागदावरच टिकते. जॉब कार्ड, बिल, दोष-संकेतांचा उतारा आणि बदललेला जुना भाग हे चार पुरावे प्रत्येक वेळी मागून घ्यावेत. निदान लेखी देण्यास जे गॅरेज का-कू करते, त्याच्या हाती गिअरबॉक्स न सोपवणेच श्रेयस्कर.